डॉक्टर सांगतील ती वेळ

कुसुमताई भडसावळ्यांबद्दल सांगायचं तर सुरुवात त्यांच्या पाठीपासूनच करावी लागेल. अठरा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या पाटावर बसले, आधी शिष्या म्हणून आणि पुढे जोडीदार म्हणून. तीन-तीन तास चालणाऱ्या वास्तुशांतीत त्यांनी भिंतीला पाठ टेकलेली मी कधी पाहिली नाही. मी मेली अर्ध्या तासात चुळबुळ सुरू करायची, तर त्या मंत्र न थांबवता नुसत्या डोळ्यांनी मला जागेवर बसवत. पाठ वाकली की श्वास आखूड होतो आणि श्वास आखूड झाला की मंत्र मध्येच तुटतो, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. मी हेमा, तेव्हा नुकतीच बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. मला वाटलं होतं, पौरोहित्य म्हणजे पोथी वाचता आली की झालं.

त्यांचं घर सदाशिव पेठेत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, लिफ्ट नाही. यजमान श्यामराव पाटबंधारे खात्यात कारकून. बेचाळिसाव्या वर्षी कुसुमताईंनी स्त्री-पुरोहितांच्या वर्गात नाव घातलं, तेव्हा श्यामराव म्हणाले, 'हौस आहे तर कर.' आमच्या पेठांत याचा अर्थ 'करू नकोस' असा होतो. कुसुमताईंनी तो मुद्दाम कळून घेतला नाही. पहिल्याच सत्यनारायणाला बोलावणाऱ्यांच्या घरी आधीपासून एक गुरुजी येऊन बसले होते. बाई पोथी घेऊन आली म्हटल्यावर त्यांनी आपली पिशवी उचलली आणि चहासुद्धा न घेता निघून गेले. कुसुमताई त्यांच्याच पाटावर बसल्या आणि पूजा अशा खणखणीत आवाजात सांगितली, की शेजारच्या बिऱ्हाडातल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यानंतर त्यांना कुणाच्या शिफारशीची गरज पडली नाही.

त्यांचे नियम दोनच. एक, घरच्या माणसाकडून दक्षिणा घ्यायची नाही. दक्षिणा घेतली की समोरचा यजमान, आणि यजमान कितीही भला असला तरी परका. माझ्या मुलीच्या लग्नात मी पाकीट पुढे केलं, तर त्या इतक्या रागावल्या की दोन दिवस बोलल्या नाहीत. दुसरा नियम दुखण्याचा. लोक त्यांना फोन करून विचारायचे, अमावास्येला ऑपरेशन ठरलंय, चालेल का? मंगळवारी टाके घालायचे आहेत, हरकत नाही ना? कुसुमताईंचं उत्तर ठरलेलं असे, 'औषधोपचाराला मुहूर्त लागत नाही. डॉक्टर सांगतील ती वेळ शुभ.' त्या पूजेला बाहेर गेलेल्या असल्या तर कॉलेजातला अनिरुद्ध, म्हणजे त्यांचा मुलगा, फोन घ्यायचा. तोसुद्धा हेच वाक्य आईच्या सुरात म्हणून दाखवायचा आणि फोन ठेवला की हसायचा. आईच्या पोथ्यांना तो 'तुझा सिलॅबस' म्हणायचा. त्या कौतुकानं सांगायच्या, पण ते त्यांना लागायचं हे मला माहीत आहे.

आता गेल्या गणेश चतुर्थीचं सांगते. चतुर्थी म्हणजे आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी धांदल. पहाटेपासून एका घरची प्राणप्रतिष्ठा उरकली की रिक्षेत बसून दुसरं घर गाठायचं, आणि प्रत्येक घरी आरतीसाठी माणसं खोळंबलेली. कुसुमताई सदुसष्ट वर्षांच्या, तरी कुणाला नाही म्हणणार नाहीत, कारण शब्द दिलेला. कर्वेनगरच्या बाजूला रिक्षावाल्याने स्पीडब्रेकर पाहिलाच नाही. रिक्षा उडाली, आम्ही दोघी सीटवरून उचलल्या गेलो आणि दाणकन खाली बसलो. मी रिक्षावाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कुसुमताईंनी रिक्षेचा दांडा घट्ट धरला. कपाळावर घाम आला होता. म्हणाल्या, कंबर लचकली वाटतं. तशाच त्यांनी पुढच्या तीनही घरी पूजा सांगितल्या. शेवटच्या घरी पाटावरून उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, अठरा वर्षांत पहिल्यांदा.

लचकली म्हणून दहा दिवस गेले. शेक झाला, तेल झालं, मालिश करणारी बाईसुद्धा येऊन गेली. बरं तर नाहीच, उलट अंथरुणावर कूस बदलायची म्हटली तरी जीव जायची पाळी. अनंत चतुर्दशी झाल्यावर मीच अनिरुद्धला फोन केला. तो आणि त्याची बायको ऋचा खराडीला भाड्याच्या घरात राहतात, दोघंही आयटीत. तो आला, गाडी घेऊन आला, आणि आम्ही त्यांना सोनाली डॉक्टरांकडे नेलं. या हाडांच्या डॉक्टर, वयानं माझ्या मुलीएवढ्या, बोलणं सडेतोड. एमआरआय बघून त्या म्हणाल्या की कंबर लचकलेली नाही, मणका खचलाय. हाडं इतकी ठिसूळ झाली आहेत की नुसत्या गचक्यानं तो पुढच्या बाजूनं दबला. चाळिशीत गर्भाशय काढलेली बाई, त्यानंतर एकदाही कुणी हाडांची तपासणी का केली नाही, असं त्यांनी विचारलं. घराघरातल्या माणसांना दीर्घायुष्य द्यायला ही बाई हिंडत होती, आणि स्वतः कॅल्शियमची गोळी कधी घेतली असेल तर शपथ.

उपाय त्यांनी कागदावर चित्र काढून समजावला. चिरफाड नाही. पाठीत दोन बारीक छिद्रं, त्यातून सुया, सुयांतून एक इवलासा फुगा दबलेल्या मणक्यात न्यायचा. तो फुगवून मणका जमेल तितका वर उचलायचा, फुगा काढून घ्यायचा आणि झालेल्या पोकळीत हाडांचं सिमेंट भरायचं. ते तिथल्या तिथे घट्ट होतं. भूल त्या जागेपुरती, दुसऱ्या दिवशी चालत घरी. सगळ्यांना हे करावं लागत नाही, बऱ्याच जणांचं पट्ट्यावर आणि औषधांवर भागतं, असंही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. पण कुसुमताईंचा मणका आणखी बसत चालला होता.

'हाड ताजं आहे तोवरच मला ते उचलता येईल,' डॉक्टर म्हणाल्या. 'वाकडं जुळून बसलं की मग सिमेंट भरून पाठ सरळ होत नाही. येत्या गुरुवारी करू.'

अनिरुद्ध म्हणाला, 'सिमेंट? आई, म्हणजे तू आता स्लॅब झालीस.' कुसुमताई हसल्या आणि हसता हसता त्यांनी पोटाशी हात धरला. मग त्यांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, मला पाटावर ताठ बसता येईल ना? डॉक्टर म्हणाल्या, वेळेत केलं तर बसाल. त्यांना एवढंच हवं होतं. चालणं-फिरणं, जिने, त्यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही.

घरी आल्यावर अनिरुद्धनं एक गोष्ट केली, जी त्यानं जन्मात केली नव्हती. खिळ्याला अडकवलेलं पंचांग काढलं आणि उघडलं. गुरुवार पितृपंधरवड्यात येत होता. या दिवसांत ऑपरेशन नको, तो म्हणाला, त्यातून बाबांची तिथी त्याच आठवड्यात आहे. पंधरा दिवसांनी काय बिघडतंय? मला राहवलं नाही. मी म्हटलं, अरे, तुझ्या आईनं जन्मभर लोकांना काय सांगितलं ते तुला ठाऊक नाही का?

'मावशी, ते लोकांना सांगायला ठीक आहे,' तो म्हणाला. 'आपल्या आईच्या बाबतीत रिस्क कशाला घ्यायची?'

मी कुसुमताईंकडे पाहिलं. मला वाटलं होतं, आता त्या एका वाक्यात त्याला गप्प करतील. पण त्यांचा चेहरा उजळला होता. तो स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला, तेव्हा त्यांनी मला हळूच सांगितलं, 'पहिल्यांदा त्यानं माझं पंचांग उघडलं, हेमा.' त्या आनंदापुढे मी काय बोलणार? मुलानं आपलं शास्त्र मानलं, एवढ्यावर त्या बाईनं आपला मणका ओवाळून टाकला. माझा संताप संताप झाला. दुसऱ्या दिवशी मी जाऊन म्हटलं, मी नेते तुम्हाला, सही मी करते. तर म्हणाल्या, मुलगा एवढ्या काळजीनं सांगतोय, त्याचं मन का मोडू?

त्याच आठवड्यात श्यामरावांचं श्राद्ध झालं. स्वयंपाक कुणी केला? यांनीच, कमरेला पट्टा बांधून. ऋचाला मीटिंग होती, आणि बाहेरच्या हातचं श्रावणघेवड्याच्या भाजीपासून खिरीपर्यंत काही कुसुमताईंना चालेना. मी मदतीला गेले, तर वडे थापण्यापलीकडे मला काही करू दिलं नाही. जेवण झाल्यावर अनिरुद्ध म्हणाला, खीर अगदी बाबांना आवडायची तशी झालीये. मी मनात म्हटलं, होणारच, वाकून वाकून केलीये.

पंधरवडा संपला तर नवरात्र उभं. घट बसलेला असताना दवाखान्यात कसं जायचं, हा आता कुसुमताईंचाच प्रश्न होता, कारण एकदा मान तुकवली की पुढचं सगळं त्याच रांगेत येतं. अनिरुद्ध म्हणाला, बरोबर आहे आई, दसरा होऊन जाऊ दे. देवघर जमिनीलगत. नंदादीप विझू द्यायचा नाही, म्हणून दिवसातून कितीदा तरी त्या वाकून तेल घालत. पाचव्या माळेच्या सकाळी तेलाची वाटी हातात घेऊन वाकल्या आणि पाठीत काहीतरी कडकन झालं. वाटी उलटली, पण दिवा विझला नाही. त्यांनी मला फोन केला तो दिवा विझला नाही हे सांगायला, पाठीचं नंतर सांगितलं.

पेनकिलरवर दसरा गेला. मग दिवाळी. दिवाळीत आजारपण काढायचं नाही असं अनिरुद्धनं ठरवलं, शिवाय नव्या फ्लॅटचं काम चाललेलं, त्याला खरोखरच वेळ नव्हता. भाऊबीज झाल्यावर आम्ही पुन्हा सोनाली डॉक्टरांसमोर बसलो. त्यांनी नवा एमआरआय दिव्यासमोर धरला आणि जुन्याशी ताडून पाहिला. मग अनिरुद्धला विचारलं, गुरुवारी का आणलं नाहीत? तो म्हणाला, डॉक्टर, घरी जरा धार्मिक वातावरण आहे. असं म्हणाला तो. आईच्या देखत.

पहिला मणका वाकडा जुळून बसला होता, त्याला आता उचलता येत नव्हतं. त्याच्या वरचा नवरात्रात दबला होता, तो ताजा होता. डॉक्टर म्हणाल्या, त्याच्यात सिमेंट भरते, दुखणं कमी होईल, पण आलेला बाक जाणार नाही. दोन दिवसांत ते करूनही टाकलं. मी बाहेर बाकावर बसून अथर्वशीर्ष म्हणत होते. माझी आवर्तनं पुरती व्हायच्या आत त्यांना बाहेर आणलं. दोन छोट्या पट्ट्या, बाकी काही नाही. संध्याकाळी त्या माझा हात धरून खोलीत चार पावलं चालल्या आणि चहा मागितला.

'एवढंच होतं?' त्यांनी मला विचारलं.

मला रडू आलं. मी नर्सला शोधायच्या निमित्तानं बाहेर गेले. एवढंच होतं हो. एका दुपारचं काम होतं. त्यासाठी या बाईनं दोन महिने कळा सोसल्या आणि जन्माची पाठ घालवली.

आता त्यांची मान पुढे आली आहे. कुणाशी बोलायचं तर नजर वर चढवावी लागते, आणि थोड्या वेळानं ती आपोआप खाली उतरते. पाटावर बसता येत नाही. श्वास पुरत नाही, लांब ओळीत मधेच थांबतात आणि ओळ मी पुरी करते. त्यांनी चतुर्थीची बोलावणी माझ्या नावावर करून दिली. कुणी हळहळलं तर म्हणतात, वय झालं. पेठेतल्या बायकाही मान डोलावून म्हणतात, हो ना, वय झालं की वाकतंच माणूस. वय कसलं डोंबलाचं!

मार्गशीर्षात अनिरुद्धच्या फ्लॅटची वास्तुशांत निघाली. मुहूर्त त्यानं मलाच विचारून घेतला, आणि अगदी उत्तम हवा म्हणाला. पूजा मी सांगायची, पण आई समोर असायला हवी, मंत्र तिच्या तोंडून यायला हवेत, असा त्याचा आग्रह. मला जायचं नव्हतं. कुसुमताई म्हणाल्या, शब्द दिलाय मी. म्हणून गेले.

खराडीचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर, हॉल मोठा. कुसुमताईंना बसायला जागा म्हणून नवा कोरा सोफा, राखाडी रंगाचा, त्याचं प्लॅस्टिकसुद्धा पुरतं निघालेलं नव्हतं. त्या त्याच्या कडेला टेकल्या, पायाशी ताम्हन आणि पळी-पंचपात्र. संकल्प, पुण्याहवाचन, मग होम. त्या ओळ सुरू करत, मी पुरी करे. वास्तूची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरायची होती, त्यासाठी फरशी आधीच उचलून ठेवली होती. सगळं यथासांग चाललं होतं. अनिरुद्धच्या ऑफिसमधली मंडळी यायला लागली. त्यातली एकजण सोफ्यावरून हात फिरवून म्हणाली, किती सुंदर आहे.

ऋचा सहज बोलून गेली, 'पितृपंधरवड्यात बुक केला ना, म्हणून बरीच सूट मिळाली. त्या दिवसांत कुणी काही घेत नाही.'

माझ्या हातातली समिधा हातातच राहिली. कुसुमताईंची नजर खालीच होती, ती तशीच राहिली. फक्त त्यांनी सोफ्यावरचा हात उचलून मांडीवर ठेवला. मला वाटलं, ऐकलं नसेल. देवा, ऐकलं नसू दे, असंही वाटलं.

पूर्णाहुतीच्या आधी थोडा वेळ होता. अनिरुद्धच्या ऑफिसातला राजस म्हणून एक मुलगा त्याला विचारत होता. त्याच्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला अमावास्या, आणि घरी आजी अडून बसलेली. काय करावं? अनिरुद्ध सोवळ्यात उभा होता, कपाळाला गंध होतं, भोवती माणसं होती. आणि त्याच्या तोंडून ते वाक्य आलं, कॉलेजात असताना फोनवर यायचं तसंच, आईच्या सुरात.

'औषधोपचाराला मुहूर्त लागत नाही रे. डॉक्टर सांगतील ती वेळ शुभ. माझी आई नेहमी सांगते.'

कुसुमताईंनी मान वर केली. त्यांना ते किती कष्टाचं आहे हे मी रोज बघते. त्यांनी राजसकडे पाहिलं, मुलाकडे नाही.

'बरोबर सांगतोय तो,' त्या म्हणाल्या. मधे श्वास घेतला. 'वडिलांना त्याच दिवशी ने, थांबू नकोस. माझ्या मुलाला हे फार आधीपासून माहीत आहे.'

राजस आभार मानून बाजूला झाला, त्याला काय कळणार? अनिरुद्धला कळलं. त्याचा चेहरा उतरला, तो काहीतरी बोलायला पुढे झाला, पण मी मुद्दाम मोठ्यानं पूर्णाहुतीला बोलावलं. तुपाची धार त्यानं दोनदा कुंडाबाहेर सांडली. सांडू दे, म्हटलं मी मनात.

सगळं आटोपल्यावर दोघं नमस्काराला आली. कुसुमताईंनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वादाचा मंत्र म्हटला. त्या दिवशी तो त्यांनी एकटीनं म्हटला, मला पुरा करू दिला नाही. तीनदा थांबल्या, पण संपवला. अनिरुद्धला वाटलं असेल, सुटलो. तो उठून उभा राहिला तर आईचा उजवा हात पुढे आलेला, तळवा वर.

'यजमान, दक्षिणा द्यायची राहिली.'

तो हसला. म्हणाला, काय आई, तुला कसली दक्षिणा? त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी गंमत म्हणून सोडून देईन या आशेनं. मी ताम्हन पुसत राहिले.

'द्या,' कुसुमताई म्हणाल्या. पोटच्या पोराला त्यांनी अहो-जाहो केलं. हात मागे घेतला नाही.

हॉलमध्ये माणसं पत्रावळी, वाढप, कसल्या कसल्या गडबडीत होती, कुणाचं लक्ष नव्हतं. त्यानं खिशातून पाकीट काढलं, हाताला लागेल ती नोट काढली आणि आईच्या तळव्यावर ठेवली. त्यांनी ती मुठीत घेतली आणि कपाळाला लावली, जशी त्या पंचवीस वर्षं परक्या घरांतून लावत आल्या. मग त्यांनी मला रिक्षा बोलवायला सांगितलं. ऋचा धावत आली, म्हणाली, आई, तुमची खोली तयार केलीये, इथेच राहायचं ठरलंय ना आपलं? कुसुमताई म्हणाल्या, पूजा झाली की पुरोहितानं यजमानाकडे थांबायचं नसतं.

खाली रिक्षेत बसवताना त्यांना मांडीवर पिशवी आणि कमरेमागे उशी दिली. नोट अजून मुठीतच होती. सदाशिव पेठ म्हटल्यावर रिक्षावाला रमतगमत निघाला असता तर बरं, पण त्याला घाई होती. मी त्याला म्हटलं, दादा, स्पीडब्रेकर आला की जरा जपून घ्या, मागे पाठीच्या पेशंट आहेत.

'कशाला सांगतेस त्याला आता?' कुसुमताई म्हणाल्या.